वारसा कर परत आला तर जुन्या नाशकातल्या वाड्यांचं काय?

दहीपूलकर

मंडळी, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल बोलले, त्यावरून रान उठलं आणि मग विषय विरून गेला. त्या गदारोळात न आलेला एक प्रश्न इथे मांडतो. असा कर उद्या खरंच आला तर तांबट लेन, तिवंधा, सोमवार पेठ, गोरेराम लेन आणि गंगेपलीकडे (म्हणजे गोदावरीपलीकडे) पंचवटीत अजून तग धरून असलेल्या वाड्यांचं काय करायचं? त्यांना सूट द्यायची का? द्यायची तर कोणी, आणि कशाच्या बदल्यात?

माझं मत आधीच सांगतो. वारसा कर मला तत्त्वतः पटतो. ज्याच्या वाट्याला न कमावता कोट्यवधी येतात, त्याने त्यातला काही भाग समाजाला द्यावा यात अन्याय वाटत नाही. जुन्या वाड्याला मात्र सूट हवी, आणि ती अटींवरच हवी. वारसाने वाडा दुरुस्त ठेवायचा, मूळ रचना मोडायची नाही आणि वर्षातले ठरलेले दिवस लोकांना आत येऊ द्यायचं. वाडा पाडला किंवा विकला की थांबवलेला कर वसूल.

आता हे का म्हणतोय ते. १९८५ पासून आपल्या देशात वारशावर एक पैसाही कर नाही. म्हणजे नाशकातल्या प्रत्येक वाड्याला गेली चाळीस वर्षं शंभर टक्के सूट आहे, तीही बिनशर्त. तरी वाडे पडतच आहेत. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम २६४ च्या नोटिसा लागतात, पावसाळ्यात एखादी भिंत बसते, दिवाळीपर्यंत सागवान लाकूडवाल्याकडे गेलेलं असतं आणि पुढच्या वर्षी तिथे पत्र्याचं कुंपण. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांनी गंगेलगतच्या पांढऱ्या मातीच्या भिंती किती भिजल्या ते इथल्या अनेकांनी पाहिलंय. नुसती सूट वाडा वाचवत नाही, हे आपल्या डोळ्यांसमोर सिद्ध झालंय. सरकारकडे काहीतरी मागण्याजोगं असलं, तरच त्या बदल्यात वारसाकडून काही कबूल करून घेता येईल. म्हणून या दोन गोष्टी मी एकत्र मांडतोय.

सरकारवाडा राज्य संरक्षित आहे, पांडवलेणी केंद्राकडे. काळाराम, सुंदरनारायण, नारोशंकर ही देवळं लोकांच्या श्रद्धेमुळे टिकतील. माझी काळजी आहे ती कोणा सरदाराच्या नसलेल्या, सावकाराच्या, वैद्याच्या, तांबटाच्या साध्या दुमजली वाड्यांची. ते कुठल्याच यादीत नाहीत.

जाणकारांनी लिहावं.

जुना करसल्लागार

दहीपूलकर, विषय चांगला काढलात. उमेदवारीच्या काळात इस्टेट ड्यूटीची, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या वारसा कराची, प्रकरणं हाताळली आहेत, म्हणून अंमलबजावणीच्या अंगाने लिहितो.

कायदा १९५३ चा, १५ ऑक्टोबरपासून लागू झाला. अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. माणूस गेला की सहा महिन्यांत त्याच्या सगळ्या मालमत्तेचा हिशेब कंट्रोलरकडे दाखल करायचा. दाखल करणारा तो ‘अकाउंटेबल पर्सन’, बहुधा थोरला मुलगा. तेरावं उरकतं न उरकतं तोच पासबुकं, दागिन्यांची वजनं, घरपट्टीच्या पावत्या, उसनवारीच्या चिठ्ठ्या गोळा करायच्या. मृत्यूपूर्वी दोन वर्षांच्या आत दिलेली बक्षिसंही इस्टेटीत मिळवली जायची. पुढे पुढे तर २० लाखांवरच्या भागाला दर ८५ टक्क्यांवर गेला.

पण दरापेक्षा जास्त भांडणं मूल्यांकनावर व्हायची. कलम ३६ सांगायचं की मृत्यूच्या वेळी खुल्या बाजारात जी किंमत आली असती तीच धरा. आता आठ-दहा भाडेकरू असलेल्या वाड्याची खुल्या बाजारातली किंमत कशी ठरवणार? भाड्यावरून काढली तर किरकोळ, जागेवरून काढली तर वारसाला भोवळ. संपत्ती करात पुढे यावर नियम आला. खर्च वजा जाता जे वार्षिक भाडं उरतं त्याच्या साडेबारा पट, जागा स्वतःच्या मालकीची असेल तर. त्या नियमाने गावठाणातल्या वाडामालकांचा जीव भांड्यात पडला, कारण महिन्याला वीस-पंचवीस रुपये देणाऱ्या खोल्यांच्या साडेबारा पट म्हणजे किती होणार! आज कोणी कर आणला तर मूल्यांकन रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्याने, करायचा मोह होईल. तसं झालं तर भाडेकरूंनी भरलेला वाडा आणि त्याच गल्लीतला मोकळा प्लॉट एकाच दराने मोजला जाईल. सूट देण्याआधी हे सोडवावं लागेल.

१९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी हा कर काढला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणूस जिवंत असताना त्याच मालमत्तेवर संपत्ती कर आणि मेल्यावर इस्टेट ड्यूटी, असे दोन कायदे म्हणजे लोकांना छळच. वर्षाचं उत्पन्न सुमारे २० कोटी आणि त्या मानाने वसुलीचा खर्च जास्त. १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंना कर उरला नाही. संपत्ती करही २०१५ मध्ये गेला. २०१३-१४ साली त्यातून देशभरात १,००८ कोटी आले होते.

थोडक्यात, तुमच्या योजनेला माझा विरोध नाही. पण हिशेब तपासणारा माणूस कोण, तो किती वाडे पाहणार आणि त्याला वाड्यातलं काय कळतं, हे ठरल्याशिवाय ती कागदावरच राहील.

द्राक्षबाग

निफाडहून वाचतोय. एक शंका. केंद्राने असा कर लावला तरी शेतजमिनीला तो लागत नाही ना? आमच्या भावकीत गढीही आहे आणि बागाही आहेत. गढीवर कर आणि बागेवर नाही असं झालं, तर लोक पैसा जमिनीतच घालतील.

जुना करसल्लागार

बरोबर. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतली ८७ वी नोंद शेतजमीन सोडून बाकीच्या मालमत्तेसाठी आहे. शेतजमिनीचा विषय राज्याच्या यादीत, ४७ आणि ४८ व्या नोंदीत. राज्याने ठरवलं नाही तर दिंडोरी-निफाडची बाग बाहेर आणि भद्रकालीतला गळका वाडा आत, असं होऊ शकतं. तुमची भीती अगदी खरी आहे.

थेम्सकाठ

मूळचा नाशिककर, बरीच वर्षं इंग्लंडात. दहीपूलकरांनी मांडलेली योजना इथे जवळपास तशीच चालते, म्हणून सविस्तर लिहितो.

इथे वारसा कर ४० टक्के, तोही ३,२५,००० पौंडांच्या वर. राष्ट्रीय, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाच्या वस्तूंना सवलत द्यायची सुरुवात १८९६ पासूनची. आज तिला सशर्त सूट म्हणतात. वारस अर्ज करतो. कर खातं स्वतः निर्णय घेत नाही, ते वारसा वास्तूंच्या तज्ज्ञ संस्थेचा सल्ला घेतं. वास्तू त्या दर्जाची ठरली की वारस लेखी हमी देतो: जपणूक करीन, दुरुस्ती करीन, लोकांना पाहू देईन. मग कर माफ होत नाही, फक्त थांबतो. विकलं किंवा हमी मोडली की कर लागतो, तोही जुन्या किमतीवर नाही, त्या वेळच्या किमतीवर. आणि वारस स्वतः गेला की पुढच्या वारसाने पुन्हा हमी द्यायची, नाहीतर कर भरायचा.

यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. पूर्वी ‘आधी वेळ घेऊन या’ एवढ्यावर मालकांचं भागायचं. १९९८ पासून ते पुरत नाही. वेळ न ठरवताही लोकांना पाहता येईल अशी काही सोय ठेवावी लागते, आणि सूट मिळालेल्या वास्तूंची व वस्तूंची यादी सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. शेजाऱ्यालाही कळतं की इथे सूट घेतलीय, तेव्हा दार उघडलं पाहिजे. फक्त खात्याच्या निरीक्षकावर विसंबलं असतं तर हे चाललं नसतं.

दुसरी वाट म्हणजे कराऐवजी वास्तूच सरकारला देणं. हीही १९१० पासूनची सोय आहे. डर्बीशरमधल्या कॅल्क अ‍ॅबी या जुन्या हवेलीच्या बाबतीत तेच झालं. १९८१ साली मालक अचानक वारले. सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांच्या इस्टेटीवर ८० लाखांच्या घरात कर आला. भाऊ तो भरू शकत नव्हता. शेवटी १९८५ मध्ये घर वारसा वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे गेलं. आज तिथे गेलं तर खोल्या जशा सापडल्या तशाच ठेवलेल्या दिसतात, रंग उडालेला, सामान खच्चून भरलेलं. आपल्याकडे कर रद्द झाला तेच हे वर्ष.

फ्रान्समध्येही १९६८ पासून कराऐवजी कलाकृती देता येतात. पॅरिसचं पिकासो संग्रहालय त्याच मार्गाने आलेल्या चित्रांवर उभं राहिलं. जपानची पद्धत आणखी वेगळी. तिथे वारसा कराचा वरचा दर ५५ टक्के आहे, पण नोंदणी झालेल्या वारसा वास्तूचं मूल्य करासाठी ३० टक्के कमी धरतात आणि ‘महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती’ म्हणून जाहीर झालेल्या वास्तूचं ७० टक्के. नाशकातल्या साध्या वाड्यांना मला जपानचं जास्त जवळचं वाटतं. तिथे लाकडी घरं आहेत, मालक सामान्य आहेत आणि आवारं लहान आहेत. हजार एकरांच्या इस्टेटीसाठी केलेला इंग्रजी कायदा तांबट लेनला जसाच्या तसा बसणार नाही.

अनघा_पंचवटी

सगळ्यांचं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण एक मूलभूत अडचण कोणीच मांडली नाही. हमी देणार कोण?

आमच्या वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर अजून आजेसासऱ्यांचं नाव आहे. त्यांच्यानंतर वारस नोंद झालीच नाही. आज हिस्सेदार मोजायला बसलं तर सिडको, पुणे, बडोदा, टोरांटो असे पसरलेले. कोणाचा हिस्सा किती हेच ठरलेलं नाही. काही जणींची लग्नं होऊन दोन पिढ्या झाल्यात आणि त्यांच्या मुलांना आपला या वाड्यात हक्क आहे हेही माहीत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुलींच्या हक्काबद्दल शंका उरली नाही, ते योग्यच झालं. पण जो कागद आधीच्या पिढीत व्हायला हवा होता तो झाला नाही, त्यामुळे आता सह्या कोणाकोणाच्या घ्यायच्या हाच प्रश्न आहे.

सख्ख्या भावंडांत आणि त्यांच्या वारसांत हक्कसोडपत्राला मुद्रांक नाममात्र आहे, तो फार मोठा आधार आहे. त्यापलीकडच्या नात्यात गेलं की खरेदीखतासारखं शुल्क लागू शकतं, शिवाय टोरांटोहून मुखत्यारपत्र मागवायचं. हे सगळं करून वाडा एका नावावर आणावा अशी इच्छाच कोणाला होत नाही. त्यापेक्षा बिल्डर सगळ्या सह्या स्वतः गोळा करून देतो, फिरून फिरून, गोड बोलून. खरं सांगते, आमच्या गल्लीत वारसांना एकत्र आणायचं काम आजवर फक्त बिल्डरांनी केलंय.

तेव्हा माझी मागणी आधीची आहे. वाडा जपण्यासाठी म्हणून एका वारसाच्या किंवा कुटुंबाच्या न्यासाच्या नावे हक्क सोडले, तर नातं कितीही लांबचं असलं तरी मुद्रांक नाममात्र हवा. ही सवलत आज, वारसा कर नसतानाही देता येईल. राज्य सरकारच्या हातातली गोष्ट आहे.

दहीपूलकर

अनघाताई, हा मुद्दा माझ्या मूळ मांडणीत असायलाच हवा होता असं वाटण्याइतका महत्त्वाचा आहे. पूर्ण सहमत.

सुतारपक्षी

जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करते. वाड्यात ‘काय जपायचं’ यावर थोडं.

सूट दर्शनी भागापुरती दिली तर मागे काँक्रीट आणि पुढे कोरीव गणेशपट्टी चिकटवलेली इमारत उभी राहील. वाडा म्हणजे चौक. चौकामुळे ओसरीत उजेड येतो, माजघर उन्हाळ्यात थंड राहतं आणि पावसाचं पाणी ठरलेल्या वाटेने जातं. चौकावर पत्रा टाकला की ओल भिंतीत मुरते, मग तुळयांची टोकं कुजतात, आणि तुळईचं टोक भिंतीत असल्याने ते कोणाला दिसतही नाही. बऱ्याच वाड्यांची पडझड तिथून सुरू होते. दुसरं मोठं कारण म्हणजे मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा. चांगल्या हेतूने केलेला असतो, पण भिंतीला श्वास घेता येत नाही. म्हणून हमीपत्रात ‘दुरुस्ती करीन’ एवढंच लिहून भागणार नाही. चौक उघडा, कडीपाट मूळ लाकडाचा, गिलावा चुन्याचा, असं नेमकं लिहावं लागेल. तपासणारा आयकर निरीक्षक असून चालणार नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा जाणकाराने छत, तुळया आणि पाण्याच्या वाटा पाहून अहवाल द्यायचा, तोच कर खात्याने मानायचा.

यादीबद्दल. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, तिथे पहिली, दुसरी, तिसरी अशी श्रेणी असते. प्रत्येक श्रेणीत किती बदल चालेल ते ठरलेलं असतं. करातली सूटही श्रेणीशी जोडली तर जपानसारखं काहीतरी होईल. पहिल्या श्रेणीला पूर्ण, तिसरीला थोडी. मात्र श्रेणी मिळाली की बांधायचे हक्क गोठतात, म्हणून मालक घाबरून यादीत यायला नको म्हणतात. न वापरता येणारं चटईक्षेत्र हस्तांतरणीय हक्क म्हणून विकायची मुभा आणि करातली सूट एकाच अर्जावर मिळाली, तरच यादीत येण्यात कोणाला रस वाटेल.

घरातल्या वस्तूंचं विसरू नका. देवघरातल्या मूर्ती, पोथ्या, ताम्रपट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांवरच्या मूर्तींची नोंदणी करावी लागते आणि हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. वाडा पडतो तेव्हा या गोष्टी आधी नाहीशा होतात. सशर्त सूट वस्तूंनाही मिळाली तर निदान त्यांची यादी तरी होईल.

वीस रुपये भाडं

सगळे मालकांबद्दल बोलताय, म्हणून एका भाडेकरूचं ऐका.

आम्ही तीन पिढ्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहतो. मालकाचे वारस जसे आहेत तसे भाडेकरूचेही असतात. भाडे नियंत्रण कायद्याने घरात सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूचा हक्क येतो, तो माझ्याकडे वडिलांकडून आलाय. वाडा ढासळू नये असं मालकाइतकंच मलाही वाटतं, कदाचित जास्त, कारण तो पडला तर मी आत असेन. छताची कौलं आम्हीच शाकारतो, पावती कोणाच्याच नावाची नसते.

उद्या वारसाला सूट मिळाली आणि तिच्यात ‘लोकांना आत येऊ देईन’ असं आलं, तर लोक कुठे येणार? चौकात आमच्या धुण्याच्या दोऱ्या आहेत, ओसरीवर माझी आई बसते. ज्यांचं घर आहे त्यांना विचारल्याशिवाय दार उघडायचं ठरवू नका. आणि खरा धोका पुढे आहे. ‘सूट हवी तर वाडा मोकळा हवा’ असं कोणी ठरवलं की पहिली गदा आमच्यावर येईल.

माझी सूचना आहे की हमीपत्रावर मालकासोबत भाडेकरूचीही सही हवी. दुरुस्तीत त्याचा वाटा, बदल्यात त्याच्या राहण्याची लेखी खात्री.

थेम्सकाठ

हे वाचून खरंच विचारात पडलो. इथल्या योजनेत घर बहुतेक मालकाच्याच ताब्यात असतं, म्हणून हा प्रश्न असा समोर येत नाही. तुमची सूचना आपल्याकडच्या कायद्यात हवीच. चौक आणि दिंडी दरवाजा पाहायला मिळाला तरी पुष्कळ आहे, राहत्या खोल्या बघायला मागायचं कारण नाही.

जुना करसल्लागार

भाडेकरूची सही घेतली तर मूल्यांकनाचाही प्रश्न सुटतो. ज्या वाड्यात भाडेकरू कायम राहणार असं लेखी ठरलंय, त्याचं मूल्य भाड्यावरूनच काढायला हवं, रेडी रेकनरने नाही. कर खात्याला तो कागद पुरावा म्हणून चालेल.

विकणाऱ्या वारसाबद्दल दोन ओळी, कारण बिल्डरांचा विषय निघाला. वारशाने मिळताना आज कर नाही, पण विकताना भांडवली नफ्यावर आहे. २००१ च्या आधीपासून घराण्यात असलेल्या मिळकतीसाठी १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला साडेबारा टक्के, किंवा निवासी व्यक्तीला हवं तर महागाई निर्देशांक धरून २० टक्के, जे कमी असेल ते. हा कर वाडा पाडायला विकला काय आणि जपणाऱ्याला विकला काय, सारखाच आहे. वारसा कर येईल न येईल, पण जपण्याची लेखी हमी देणाऱ्याला वाडा विकला तर या करात सवलत, ही मागणी आजच करता येईल.

अनघा_पंचवटी

आणि हमी मोडली तर वसुली कोणाकडून? विकणारा टोरांटोला, विकत घेणारा म्हणणार मला माहीतच नव्हतं.

दहीपूलकर

त्यासाठी हमी मिळकत पत्रिकेवर बोजा म्हणून चढवायची, कर्जाचा बोजा चढतो तशी. खरेदीदाराचा वकील पत्रिका पाहतोच, त्यामुळे ‘माहीत नव्हतं’ हे चालणार नाही, आणि बोजा उतरवायचा तर थांबलेला कर भरल्याचा दाखला लागेल. नगर भूमापन कार्यालयाला हे काम नवीन नाही. थेम्सकाठ म्हणतात तशी उघडी यादीही त्यातूनच तयार होईल.

२०२७ च्या कुंभासाठी शहरात कामं सुरू आहेत. या वेळी लोकांचं लक्ष जुन्या नाशकाकडे आहे, म्हणून मागण्या लिहून काढतोय. अनघाताईंचा नाममात्र मुद्रांक, सुतारपक्षींच्या नेमक्या अटी, भाडेकरूची सही, भांडवली नफ्यातली सवलत आणि पत्रिकेवरचा बोजा, हे पाचही मुद्दे त्यात येतील. यातले पहिले आणि शेवटचे राज्याकडे, करांचे दिल्लीकडे. पण कुठेही गेलो तरी पहिला प्रश्न येणार की असे वाडे आहेत किती? ते आपल्यालाच मोजावे लागतील. कोणाचंही नाव न टाकता फक्त गल्ली, सिटी सर्व्हे नंबर, मजले, चौक उघडा की झाकलेला, छताची अवस्था आणि आत कोणी राहतं का, एवढंच टिपू. तिवंध्यापासून दहीपुलापर्यंतचा भाग मी घेतो.

सुतारपक्षी

त्यात ‘तुळयांची टोकं पाहता आली का’ असा रकाना वाढवा. सोमवार पेठ मी करते.

वीस रुपये भाडं

आमच्या गल्लीचं मी करतो. भाडेकरू दार उघडतील, मालकांशी तुम्ही बोला.

अनघा_पंचवटी

पंचवटी माझी. आणि ‘वारस नोंद कोणत्या पिढीपर्यंत झालीय’ हाही रकाना घ्या, पत्रिका ऑनलाइन निघते.